पेट्रोल जातें कोठें?

अजिंठा गांव मागें टाकून मोटार घाटाच्या वळणांना लागली कीं पुष्कळ चालकांचा हात आपोआप गिअरच्या दांड्याकडे जातो. दांडा न्यूट्रलमध्यें येतो, एंजिनाचा आवाज बसतो आणि गाडी स्वतःच्या भारानें उतार धरते. घाटाच्या पायथ्याशीं फर्दापूर आहे. शेजारीं बसलेल्या पाहुण्यास चालक मोठ्या समाधानानें सांगतो, 'आतां खालीं पोंचेपर्यंत पेट्रोलाचा थेंबही लागणार नाहीं.' या समाधानांत दोन चुका आहेत. थेंब लागतोच, आणि गाडी गिअरमध्यें ठेवली असती तर लागला असता त्याहून अधिक लागतो, ही पहिली चूक. दुसरी चूक अशी कीं, उतारावर गाडी आवरून धरण्याचें अर्धें काम ज्या एंजिनानें करावयाचें, त्यास चालकानें कामावरूनच दूर केलेलें असतें. पहिल्या चुकीची किंमत कांहीं पैशांत होते. दुसरीची किंमत कधीं कधीं प्राणांनीं चुकवावी लागते. ज्या समजुतीमुळें या चुका होतात ती एका घाटापुरती नाहीं. मोटारीचें पेट्रोल नेमकें कोठें जातें हें ठाऊक नसल्यामुळें काटकसर करूं पाहणारा मनुष्य भलत्याच ठिकाणीं काटकसर करतो आणि खरी गळती तशीच राहते.

या खर्चाचा हिशेब पाहूं गेल्यास तो फारसा कठीण नाहीं. एक लिटर पेट्रोल जळलें म्हणजे सुमारें ३२ मेगाज्यूल उष्णता निर्माण होते. एवढ्या उष्णतेनें साधें नळाचें शंभराहून अधिक लिटर पाणी, म्हणजे स्नानाच्या सहा-सात बादल्या, उकळीस येतील. परंतु या उष्णतेपैकीं गाडी पुढें ढकलण्याच्या कामीं जेमतेम चौथा हिस्सा येतो, आणि तोही एंजिन तापलेलें असून गाडी संथपणें चाललेली असेल तर. बाकीचे तीन हिस्से रेडिएटरमधून व धुराच्या नळीवाटे वातावरणांत जातात. ही तूट यंत्राच्या स्वभावांतलीच आहे. ती भरून काढणें चालकाच्या हातीं नाहीं. त्याच्या हातीं आहे तो उरलेला चौथा हिस्सा. त्या हिश्श्याचे वांटेकरी चार : समोरची हवा, रस्त्यावर दबून फिरणारे टायर, चढ आणि ब्रेक. यांतील पहिले तिघे प्रवासाचें कांहींना कांहीं काम करून आपला वांटा घेतात. चौथा मात्र काम केल्यावांचून घेतो, आणि शहरांतल्या रस्त्यांवर बहुधा तोच सर्वांत मोठा असतो.

ब्रेकचा वांटा म्हणजे काय, हें एका उदाहरणावरून कळेल. गाडी व आंतील माणसें मिळून बाराशे किलो वजन आहे असें समजावें. ही गाडी ताशी ८० किलोमीटर वेगास आणण्यासाठीं केवळ वेग देण्याच्या कामीं सुमारें ३५ मिलिलिटर पेट्रोल खर्ची पडतें, म्हणजे दोन मोठे चमचे भरून थोडें अधिक. हें पेट्रोल नाहींसें झालेलें नसतें. तें गाडीच्या गतीच्या रूपानें शिल्लक असतें. पाय उचलून गाडी तशीच जाऊं दिली तर या शिलकेवर ती बरेंच अंतर काटते. उलट पुढें गतिरोधक दिसत असतांही शेवटपर्यंत ॲक्सिलरेटर दाबून ठेवला आणि अगदीं जवळ आल्यावर ब्रेक लावला, तर ते दोन चमचे ब्रेकच्या चकत्या तापविण्यांत जातात. मग गतिरोधकापुढें पुन्हा दोन चमचे ओतावे लागतात. छत्रपती संभाजीनगराहून फर्दापुरास येणाऱ्या रस्त्यावर फुलंब्री, सिल्लोड, अजिंठा अशीं गांवें लागतात. प्रत्येक गांवाशीं वेग आवरावा लागतो. तो आवरणें टळत नाहीं. परंतु तो कोणी आवरावा, ब्रेकनें कीं नुसत्या वाटेनें, हें चालकाच्या दृष्टीवर अवलंबून आहे. ज्याची नजर शंभर-दोनशे पावलें पुढें असते त्याचा पाय वेळींच उचलला जातो. ज्याची नजर पुढच्या गाडीच्या मागच्या दिव्यांवर खिळलेली असते, त्याला ती गाडी जितक्या वेळां थांबेल तितक्या वेळां दंड भरावा लागतो. विजेची जोड असलेल्या नव्या मोटारींमध्यें ब्रेकमध्यें जाणाऱ्या या शक्तीचा कांहीं भाग परत बॅटरींत सांठविण्याची योजना असते. शहरांतील गर्दींत त्या गाड्या इतक्या कमी पेट्रोलावर चालतात याचें एक मोठें कारण हेंच.

यानंतर वेगाचा विचार. टायरांचा विरोध वजनाप्रमाणें असतो. वेग वाढला म्हणून तो फारसा वाढत नाहीं. हवेची गोष्ट निराळी आहे. वेग दुप्पट झाला कीं हवेचा विरोध चौपट होतो. बेताच्या आकाराच्या मोटारीस ताशीं सत्तर किलोमीटरच्या आसपास हवेचा विरोध टायरांच्या विरोधाची बरोबरी करतो, आणि तेथून पुढें तोच मुख्य वांटेकरी होऊन बसतो. ऐंशीचा वेग शंभरावर नेला तर एकट्या हवेचा विरोध दीडपटीहून अधिक होतो व सगळा विरोध मिळून सुमारें एक-तृतीयांशानें वाढतो. छत्रपती संभाजीनगरापासून फर्दापूर सुमारें शंभर किलोमीटर आहे. सबंध रस्ता मोकळा मिळाला असें क्षणभर गृहीत धरलें, तरी ऐंशीच्या वेगानें सवा तास आणि शंभराच्या वेगानें एक तास लागेल. म्हणजे अधिक जाळलेल्या पेट्रोलाच्या मोबदल्यांत पदरीं पडलीं तीं अवघीं पंधरा मिनिटें, आणि तीं देखील कागदावर. प्रत्यक्षांत पुढच्या गांवांतील गर्दी त्यांतील बरींचशीं परत घेते. इंधन वांचविण्याच्या प्रचारासाठीं १९७८ मध्यें केंद्र सरकारनें पेट्रोलियम संवर्धन संशोधन संघ स्थापन केला. या संघानें ताशीं ४५ ते ५५ किलोमीटरचा वेग काटकसरीचा म्हणून सांगितला आहे. हमरस्त्यावर इतकें हळू जाणें सर्वांस रुचेल असें नाहीं. परंतु शंभराकडून ऐंशीकडे येणें हा ज्याच्या त्याच्या आवांक्यांतला मध्यम मार्ग आहे.

गिअरचेंही असेंच. एंजिनाचे फेरे जितके अधिक तितकें त्याच्या आंतल्या आंत घर्षण अधिक. म्हणून गाडी चालूं लागली कीं फार न रेंगाळतां वरचा गिअर घ्यावा आणि एंजिन थोड्या फेऱ्यांवर राहूं द्यावें. मात्र गाडी हिसके देऊं लागली किंवा एंजिन कण्हूं लागलें, तर तो गिअर त्या वेगास जड आहे असें समजून खालचा घ्यावा. एंजिनास कण्हावयास लावणें ही काटकसर नव्हे.

आतां पुन्हा घाट. बाराशे किलोंची गाडी शंभर मीटर उंच चढविण्यास, सपाटीवरील खर्चाखेरीज, सुमारें दीडशे मिलिलिटर पेट्रोल लागतें. चहाचा एक भरलेला पेला म्हटलें तरी चालेल. परतीच्या वाटेवर फर्दापुराहून अजिंठा गांवाकडे चढतांना हा खर्च कोणासही चुकत नाहीं. चुकवितां येतो तो वरखर्च : चढावर मध्येंच थांबून पुन्हा निघणें, पुढील ट्रक ओलांडण्याच्या घाईनें वेग वाढवून लगेच वळणावर ब्रेक लावणें, गरज नसलेलें सामान वाहून नेणें. पन्नास किलोंचें अनावश्यक ओझें सपाटीवर फारसें जाणवत नाहीं. घाटांत मात्र तें प्रत्येक मीटरास आपली पट्टी वसूल करतें.

चढतांना खर्चिलेली शक्ति उतरतांना परत मिळते, आणि येथेंच न्यूट्रलची समजूत जन्मास आली. जुन्या मोटारींत कार्बुरेटर असे. त्या काळीं गाडी गिअरमध्यें उतरत असतांही फेऱ्यांच्या ओढीनें थोडेंबहुत पेट्रोल आंत खेंचलें जाई. म्हणून न्यूट्रलमध्यें कांहीं वांचत असेल, या समजुतीस निदान आधार तरी होता. विसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्याकडील मोटारींतून कार्बुरेटर गेला आणि त्याच्या जागीं विजेच्या नियंत्रणानें पेट्रोल फवारणारी योजना आली. या योजनेंत चालकानें ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, गाडी गिअरमध्यें असली आणि फेरे पुरेसे असले, म्हणजे पेट्रोलाचा फवारा आपोआप बंद होतो. चाकेंच एंजिनास फिरवीत असल्यामुळें त्यास त्या वेळीं पेट्रोलाची गरज उरत नाहीं. न्यूट्रलमध्यें टाकल्याबरोबर मात्र चाकांचा व एंजिनाचा संबंध तुटतो. एंजिन बंद पडूं नये म्हणून त्यास पुन्हा पेट्रोल द्यावें लागतें. म्हणजे ज्यानें काटकसरीसाठीं दांडा ओढला त्यानें बंद असलेला नळ स्वतःच्या हातानें उघडला.

धोक्याचा भाग याहून महत्त्वाचा आहे. शंभर मीटर उतरतांना बाराशे किलोंच्या गाडींत जितकी शक्ति मोकळी होते तितकीनें चार लिटर पाणी उकळीस येईल. त्यांतील थोडा भाग हवा आणि टायर घेतात. गिअरमध्यें असल्यास बराच भाग एंजिन घेतें. न्यूट्रलमध्यें असल्यास उरलेला सगळा भाग ब्रेकवर येतो. लांब उतारावर सतत दाबलेले ब्रेक अतिशय तापले कीं त्यांची पकड ढिली पडते. पाय पूर्वीइतकाच दाबला जातो, पण गाडी पूर्वीसारखी आवरत नाहीं. कांहीं जण याहून पुढें जाऊन एंजिनच बंद करतात. तसें केलें म्हणजे ब्रेकला हातभार लावणारी योजना दोन-तीन वेळां दाबल्यानंतर निकामी होते आणि स्टिअरिंगही जड होतें. म्हणून घाटाचा नियम जुनाच पाळावा : ज्या गिअरनें घाट चढावा त्याच गिअरनें तो उतरावा. हा नियम पूर्वी केवळ सुरक्षिततेसाठीं सांगत. आतां काटकसरही त्याच्याच बाजूस येऊन उभी राहिली आहे.

हमरस्त्यावर होणारा खर्च दिसतो तरी. घरच्या अंगणांत होणारा खर्च दिसतही नाहीं. सकाळीं थंड एंजिन चालू केलें म्हणजे त्याचें वंगणाचें तेल दाट असतें, आंतील धातु गार असतो आणि ज्वलन नीट व्हावें म्हणून आरंभीं पेट्रोलही अधिक द्यावें लागतें. चौकांतून भाजी आणण्यासाठीं एक-दोन किलोमीटर मोटार नेली तर ती सारी फेरी या महागड्या अवस्थेंतच संपते. एंजिन तापवावें म्हणून पांच-दहा मिनिटें उभ्या उभ्या चालू ठेवण्याची पद्धतिही आतां निरुपयोगी आहे. हलक्या पायानें गाडी हांकीत नेणें हाच तें तापविण्याचा उत्तम उपाय. उभ्या गाडीचें एंजिन तासास सुमारें अर्ध्यापासून एक लिटरपर्यंत पेट्रोल पितें आणि त्याबद्दल एक पाऊलही पुढें नेत नाहीं. रेल्वेच्या फाटकाशीं किंवा शाळेच्या दाराशीं मिनिट-दोन मिनिटें थांबावयाचें असेल तर एंजिन बंद करणें हेंच शहाणपणाचें. दोन-चार कामें एकाच फेरींत उरकणें हा तर गृहिणींना आधींपासून अवगत असलेला नियम. तोच मोटारीसही लागू आहे.

टायरांची देखभाल ही सर्वांत स्वस्त काटकसर होय. चारही चाकांत हवा पांच-सहा पौंडांनीं कमी असली तर पेट्रोलाचा खर्च शेकडा एकाच्या आसपास वाढतो, शिवाय टायर लवकर झिजतात आणि उन्हाळ्यांत फुटण्याचा धोका असतो. हवेचें प्रमाण चालकाच्या बाजूच्या दाराजवळ अथवा गाडीच्या माहितीपुस्तकांत दिलेलें असतें. गाडी फार न चालविलेली असतांना पंधरा दिवसांतून एकदां तें तपासून घ्यावें. टपावरील कॅरिअर काम झालें कीं काढून ठेवावें. त्यावर मोठी पेटी बांधून हमरस्त्यावर वेगानें गेल्यास पेट्रोलाचा खर्च शेकडा सहापासून सतरापर्यंत वाढूं शकतो, कारण तिच्यामुळें गाडी हवेला अधिक अडते. थंड हवेचें यंत्रही एंजिनाच्याच जिवावर चालतें. शहरांत हळू जातांना खिडक्या उघडणें बरें. भरधाव जातांना मात्र उघड्या खिडक्यांत वारा भरून विरोध वाढतो, तेव्हां त्या लावून यंत्र बेतानें चालविणेंच योग्य. मराठवाड्याच्या वैशाखांत उन्हांत तापलेल्या गाडींत बसल्याबरोबर यंत्र पूर्ण जोरावर लावण्यापेक्षां आधीं दारें उघडून आंतील तप्त हवा जाऊं द्यावी.

हवेची गाळणी कोंदली म्हणजे पेट्रोल अधिक लागतें, असेंही पुष्कळ जण मानतात. कार्बुरेटरच्या काळीं तें खरें होतें. नव्या एंजिनांत आंत येणाऱ्या हवेच्या मापानेंच पेट्रोल फवारलें जात असल्यामुळें कोंदलेल्या गाळणीनें गाडीचा जोर कमी होतो, पेट्रोलाचा खर्च फारसा वाढत नाहीं. गाळणी वेळेवर बदलावी ती एंजिनाच्या आरोग्यासाठीं. पेट्रोलांतील इथेनॉलचा मात्र हिशेब करावयास हवा. इथेनॉलमध्यें दर लिटरास पेट्रोलाच्या दोन-तृतीयांशच उष्णता असते. शेकडा वीस इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलांत म्हणूनच शुद्ध पेट्रोलापेक्षां सुमारें शेकडा सहा-सात उष्णता कमी भरते. एका लिटरामागील अंतर थोडें घटलें तर त्याचा दोष लगेच कारागिरास अथवा चालकास देऊं नये.

मोटार विकत घेतांना जो आंकडा सांगितला जातो तो प्रत्यक्षांत कधींच कां मिळत नाहीं, हा प्रश्न घरोघरीं विचारला जातो. आपल्या देशांतील वाहनांची तपासणी करणारी ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था १९६६ मध्यें पुण्यास स्थापन झाली. अशा तपासणींत गाडी रस्त्यावर नेत नाहींत. ती रुळांवर उभी करून तिचीं चाकें जागच्या जागीं फिरवितात. दीर्घकाळ चालत आलेल्या या चाचणीचा क्रम सुमारें वीस मिनिटांचा आणि साडेदहा किलोमीटरांचा असून तींत सर्वाधिक वेग ताशीं ९० किलोमीटरचा धरलेला होता. तेथें घाट नाहीं, खड्डे नाहींत, पुढें बैलगाडी नाहीं आणि थंड हवेचें यंत्रही चालूं नसे. दोन मोटारींची एकमेकींशीं तुलना करण्यास तो आंकडा उपयोगी आहे. घरखर्चाचा अंदाज बांधण्यास नव्हे. त्यासाठीं स्वतःचें माप स्वतःच घ्यावें. टाकी पूर्ण भरून किलोमीटरांचा आंकडा टिपून ठेवावा. कांहीं दिवस नेहमींप्रमाणें गाडी वापरून त्याच पंपावर टाकी पुन्हा पूर्ण भरावी आणि मधल्या किलोमीटरांस नव्यानें घातलेल्या लिटरांनीं भागावें. असें तीन-चार वेळां केलें म्हणजे गाडीचा खरा आंकडा कळतो. वहींत हा आंकडा नियमानें उतरूं लागला कीं चालकाचा पाय आपोआप हलका होतो, असा पुष्कळांचा अनुभव आहे. वाणसामानाची वही ठेवणाऱ्या घराला याचें नवल वाटणार नाहीं.

इंधनाची टंचाई आपल्याकडे नवी नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत १९४१ मध्यें हिंदुस्थानांत पेट्रोलाचें नियंत्रित वांटप सुरू झालें आणि कांहीं बसगाड्या कोळशाच्या वायूवर चालवाव्या लागल्या. १९७३ मध्यें खनिज तेलाच्या किंमती एकाएकीं अनेकपट झाल्या तेव्हां पुन्हा तोच प्रश्न उभा राहिला. देशास लागणाऱ्या खनिज तेलापैकीं शेकडा पंच्याऐंशीहून अधिक भाग आजही बाहेरून आणावा लागतो. एका कुटुंबाची मोटार महिन्यास हजार किलोमीटर चालत असेल आणि लिटरास पंधरा किलोमीटर देत असेल, तर तिला सुमारें ६७ लिटर पेट्रोल लागतें. वर सांगितलेल्या सवयींनीं तो आंकडा अठरावर गेला तर महिन्यास अकरा लिटर वांचतात. वर्षाचे एकशें तीसहून अधिक. एक लिटर पेट्रोल जळलें म्हणजे हवेंतील प्राणवायूशीं मिळून सुमारें सवादोन किलो कर्बद्विप्राणिद वायु बाहेर पडतो. वर्षाची ती बचत म्हणजे सुमारें तीनशें किलो वायु हवेंत गेला नाहीं, असा तिचा दुसरा अर्थ आहे.

फर्दापुरास या दुसऱ्या अर्थाचें महत्त्व डोळ्यांनीं दिसतें. अजिंठ्याच्या लेण्यांकडे जाणाऱ्या खासगी मोटारी फर्दापूरच्या फाट्यावरच थांबवितात. पुढचे सुमारें चार किलोमीटर राज्य परिवहनाच्या बसनें जावें लागतें, कारण दीड-दोन हजार वर्षें टिकून राहिलेल्या त्या भित्तिचित्रांजवळ शेंकडों गाड्यांचा धूर साचूं देणें कोणासच परवडणारें नाहीं. मोटार उभी करून बसच्या रांगेंत उभे राहतांना कित्येक प्रवासी कुरकुरतात. परंतु त्या दिवसाच्या सबंध प्रवासांत सर्वांत कमी पेट्रोल लागलेले किलोमीटर हेच असतात. चाळीस माणसें एका एंजिनानें नेलीं तर प्रत्येकाच्या वांट्यास येणारें इंधन अगदीं थोडें येतें. लेणीं पाहून परत आल्यावर तीच मोटार घाट चढूं लागते. चालकाचा पाय हलका असेल, चाकांत हवा पुरेशी असेल आणि माथ्यावर पोंचल्यावर पुढच्या गांवापर्यंत त्यास घाई नसेल, तर टाकींतलें पेट्रोल त्याच्या अपेक्षेपेक्षां थोडें अधिक पुरतें. आणि पुढच्या खेपेस घाट उतरतांना त्याचा हात गिअरच्या दांड्याकडे जात नाहीं.